वाचकांचे प्रश्न : कडू भोपळ्याची भाजी

मिरजेच्या सतारमेकर गल्लीवरील माझी कादंबरी वाचून अनेक वाचकांनी या मासिकाच्या पत्त्यावर पत्रे पाठवली. संपादकांनी ती सगळी माझ्याकडे सुपूर्द केली आणि या महिन्याचे प्रश्नोत्तरांचे सदर मीच लिहावे, असे सुचवले. पुष्कळ पत्रांत तेच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत आले होते, म्हणून त्यांतील आठ निवडले आहेत. पत्रलेखकांची नावे न छापता केवळ व्यवसाय आणि गाव देण्याची या सदराची पद्धत येथेही पाळली आहे.

प्रश्न १ : कादंबरीची प्रेरणा आपल्याला कोठून मिळते? गेली सहा वर्षे मी कादंबरी लिहीन म्हणते आहे, पण मनाची पकड घेणारा विषयच सापडत नाही. सुचेपर्यंत वाट पाहावी, की काहीतरी निवडून सुरुवात करावी?
(प्राध्यापिका, नांदेड)

उत्तर : विषय आणि प्रेरणा यांची आपण बहुधा गल्लत करतो. मीही ती बरीच वर्षे केली. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पिण्याचे पाणी घेऊन जाणारी पहिली रेल्वे मिरज स्थानकातून निघाली, तेव्हा मी याच गावात होते. दहा टाक्या आणि प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, असे पाच लाख लिटर पाणी सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून त्या तहानलेल्या शहरात पोहोचले. सगळ्या वाहिन्यांवर त्या दिवसांत आमचे स्थानक दिसत होते. लेखिकेच्या दारात यापेक्षा मोठा विषय चालून येणार नाही, असे मला भेटेल तो सांगत होता आणि मलाही ते पटले. हातातले काम बाजूला ठेवून मी त्या विषयावर चाळीस पाने लिहिली. ती पाने अजून माझ्या कपाटात आहेत. त्यांत पाणी आहे, तहान आहे, रेल्वे आहे. माणूस मात्र एकही नाही. लातुरातल्या ज्या घरी ते पाणी हंड्यात पडले, त्या घरातले कोणीही मला ठाऊक नव्हते आणि ठाऊक करून घेण्याची ओढही मला लागलेली नव्हती. घटना मोठी आहे एवढ्याच कारणाने मी लिहायला बसले होते आणि तेवढे कारण चाळीस पानांच्या पुढे पुरले नाही.

बाजूला ठेवलेले काम म्हणजे हीच सतारमेकर गल्लीची कादंबरी. ती सुरू झाली तेव्हा तिला विषय असा नव्हताच. धाकट्या बहिणीच्या तानपुऱ्याची जवारी बिघडली होती, म्हणजे तार छेडल्यावर सुराभोवती जी गुंजणारी आस उमटावी लागते ती उमटेनाशी झाली होती. तानपुरा घेऊन मी गल्लीतल्या एका जुन्या दुकानात गेले. तिथल्या वृद्ध कारागिरांना सगळे चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांनी तानपुरा चटईवर आडवा घेतला, तारा सैल केल्या आणि घोडीच्या माथ्यावरून, म्हणजे वाद्याचा नाद घुमवणाऱ्या वाळक्या भोपळ्याकडच्या ज्या पट्टीवर तारा टेकतात तिच्यावरून, बारीक कानस दोन-तीन वेळाच फिरवली. फुंकर मारून भुकटी उडवली. तारा पुन्हा चढवल्या, तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवला, तो केसभर पुढे घेतला, केसभर मागे घेतला आणि माझ्याकडे पाहून विचारले, “आलं ऐकू?” मला काहीच ऐकू आले नव्हते. त्यांनी तारा पुन्हा सैल केल्या. असे त्या दुपारी नऊ वेळा झाले. नवव्या खेपेला खर्जाच्या तारेतून एकाएकी पोळ्यातल्या मधमाश्यांसारखा भरदार नाद उठला आणि तो मला ऐकू आला. आधीच्या आठ खेपांत चाचांना काय कमी पडत होते, हे मात्र मला कळले नाही.

घरी परतताना माझ्या मनात जे घोळत होते ते एवढेच होते. या माणसाला जे ऐकू येते ते मला येत नाही. मग त्याच्या घरातल्या भांडणात, त्याच्या पोराच्या उत्तरात, त्याच्या बायकोच्या मौनात तो काय ऐकत असेल? हा प्रश्न मला सोडेना. या गल्लीतली घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात तेच हात सतारी आणि तानपुऱ्यांकडे वळले. हे मला कितीतरी आधीपासून ठाऊक होते, पण ती माहिती मनात नुसती पडून होती. आपल्याला ऐकू येत नाही, ही जाणीव त्या दुपारी झाली आणि मग त्याच माहितीत जीव आला.

म्हणून आपल्याला सांगावेसे वाटते, की सुचण्याची वाट पाहू नका आणि विषयाची निवडही इतक्यात करू नका. ज्या माणसाचे काम आपल्याला पुरते कळत नाही अशा कोणापाशी जाऊन बसा, आणि एकदाच जाऊन थांबू नका. मी दोन वर्षे जात राहिले. त्यातल्या बहुतेक दुपारी एक ओळही लिहिण्याजोगी मिळाली नाही.

प्रश्न २ : मी पतसंस्थेत लिपिक आहे. घरी सासू-सासरे आणि दोन मुले आहेत. आपण बँकेतील नोकरी सांभाळून लिहीत होता, असे वाचले. दिवसाची आखणी कशी करत होता?
(लिपिक, इचलकरंजी)

उत्तर : मी पहाटे पावणेपाच ते पावणेसात लिहीत असे. नळाला पाणी साडेसहाला येई, त्यामुळे शेवटचा पाव तास कान स्वयंपाकघराकडे असायचा. साधी फुलस्केप वही, एका बाजूला लिहिलेली, समोरचे पान दुरुस्त्यांसाठी कोरे. रोजची चारशे शब्दांची बांधिलकी मी स्वतःशी ठेवली होती. मार्चअखेरीस बँकेत हिशेब बंद करण्याची धांदल असते, त्या महिन्यात फक्त वही उघडून मागचे वाचायचे, एवढेच ठरवले होते. १ सप्टेंबर २०१५ पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुटी मिळू लागली. ते दोन शनिवार नसते, तर मला गल्लीत नियमाने जाताच आले नसते. कादंबरी कशामुळे पूर्ण झाली असे कोणी विचारले, तर मी त्या सुटीचे नाव आधी घेते.

आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर हे उत्तर खोटे ठरेल. माझ्या पहाटेच्या दोन तासांत घरातला चहा, मुलीचा डबा आणि सासूबाईंच्या गोळ्या हे सगळे माझ्या यजमानांनी पाहिले. “तू बस, मी बघतो,” एवढेच ते म्हणाले आणि पुढे सात वर्षे त्यांनी ते निभावले. आपल्या घरी हे मागावे लागेल. मागायला संकोच वाटेल, तरीही मागा, कारण एकत्र कुटुंबातल्या बाईला रिकामा वेळ आपोआप कधीच मिळत नाही.

नोकरीमुळे लेखन मागे पडते, ही तक्रार मला फारशी मान्य नाही. हरी नारायण आपटे पुण्याच्या आनंदाश्रमाचे व्यवस्थापन पाहत होते, नगरपालिकेच्या कामात होते आणि त्यातच साप्ताहिकाचा अंकही काढत होते. वि. स. खांडेकर १९२० मध्ये शिरोड्याच्या शाळेत गेले आणि १९३८ पर्यंत तिथे राहिले. सुरुवातीच्या कादंबऱ्या त्यांनी शाळेचे तास, परीक्षा आणि शिक्षकांचे पगार यांच्या विवंचनेतच लिहिल्या. मला बँकेच्या खिडकीने जे दिले ते दुसऱ्या कुठे मिळाले नसते. अंगठा उठवताना माणसे बोटावरची शाई कशाला पुसतात, मुलाच्या शिक्षणासाठी दागिना गहाण ठेवायला आलेली बाई तो सोडवण्याची तारीख कोणत्या सुरात विचारते, पैसे मोजून झाल्यावरही कोण खिडकीशी घुटमळत राहतो, हे मी एकतीस वर्षे पाहिले. त्यातले कोणतेही खाते वा कोणताही माणूस मी कादंबरीत आणलेला नाही. फक्त तो घुटमळण्याचा क्षण आणला आहे.

प्रश्न ३ : कादंबरी मध्यावर अडते तेव्हा आपण काय करता?
(सेवानिवृत्त अभियंता, नाशिक)

उत्तर : लिहिलेले मोठ्याने वाचते. जिथे माझाच आवाज घाईला येतो, तिथे बहुधा मी काहीतरी टाळून पुढे गेलेली असते. या कादंबरीत पाच महिने काम ठप्प होते. वाचताना लक्षात आले, की घरातला थोरला मुलगा वाद्याचे काम सोडून पुण्याला नोकरीला जातो, हे मी एका वाक्यात उरकले होते, कारण त्याच्या बापाची बाजू मला पटत होती आणि मुलाची समजून घ्यायची तयारी नव्हती. मग मुलाच्या बाजूने तीस पाने लिहिली. त्यांतली चारच छापली गेली, पण काम सुटले.

प्रश्न ४ : मी याच गल्लीतील एका वाद्यकार कुटुंबाची सून आहे. कादंबरीतील काही माणसे आम्हाला ओळखीची वाटली. खऱ्या माणसांवर लिहिताना आपण त्यांची परवानगी घेता का? दुखावले जाणाऱ्यांचा विचार करता का?
(गृहिणी, मिरज)

उत्तर : हा प्रश्न आपल्याकडून यावा, याचे मला समाधान आहे, कारण उत्तर देण्याचे माझे पहिले कर्तव्य आपल्याच गल्लीशी आहे. कादंबरी प्रकाशकाकडे देण्याआधी मी ती चाचांच्या दुकानात पाच संध्याकाळी वाचून दाखवली. दुकानाचा अर्धा दरवाजा ओढून घेतलेला, मध्ये अर्धवट कोरलेल्या दांड्या आणि रंध्याच्या ढलप्या, आणि सात-आठ माणसे काम करता करता ऐकत होती. हात थांबले की मला कळायचे, की काहीतरी चुकले आहे किंवा काहीतरी लागले आहे. त्या पाच संध्याकाळी मला जितकी धास्ती वाटली, तितकी नंतर कोणत्याही परीक्षणाची वाटली नाही.

तिसऱ्या संध्याकाळी मी मुलगा पुण्याला जातो तो प्रसंग वाचला. माझ्या हस्तलिखितात बाप रात्री एकटा बसून रडतो, असे होते. वाचून संपल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग चाचा म्हणाले, “ताई, आमच्यात असं कोणी रडत नाही. तो दुसऱ्या दिवशी दुकान तासभर आधी उघडेल.” मी तेथेच पेन्सिलीने ते पान खोडले. छापील पुस्तकात बाप दुसऱ्या दिवशी दिवा लावून दुकान उघडतो आणि मुलाची पटाशी दगडावर घासून जागच्या जागी ठेवतो. तो प्रसंग आवडल्याचे अनेकांनी कळवले आहे. त्याचे श्रेय कोणाकडे जाते ते येथे छापले जावे, अशी माझी इच्छा आहे.

एक मागणी मी अर्धीच मान्य केली. कादंबरीत दोन सख्ख्या भावांचे दुकानाच्या वाटणीवरून भांडण होते. एका ज्येष्ठ कारागिरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की हे वाचून लोक आमच्या घराकडे बोट दाखवतील, तेव्हा भांडणच काढून टाका. भांडण काढले असते तर वाद्य बनवणाऱ्या घरात वाटणी कशाची होते, जागेची की नावाची, हा कादंबरीचा मुख्य प्रश्नच गेला असता. म्हणून भांडण ठेवले आणि भावांच्या जागी चुलते-पुतणे आणले, दुकान गल्लीच्या दुसऱ्या टोकाला नेले, घराचे दोन मजले एक केले. त्यानंतर ते पान मी त्यांना पुन्हा वाचून दाखवले. ते म्हणाले, “आता हे कुणाचंच नाही, आणि सगळ्यांचं आहे.” तरीही आपल्या घरात कोणी दुखावले गेले असेल, तर मी येऊन भेटेन. ते ऐकून घेणे माझे कामच आहे.

कायद्याने अशा परवानगीची गरज नसते, असे मला एका मित्रांनी सांगितले. असेलही. पण ज्यांच्यावर लिहिले तेच माझे पहिले वाचक आहेत, आणि त्यांच्यासमोर बसून वाचता येणार नाही असे काही मला लिहायचे नाही.

प्रश्न ५ : पूर्वी लेखकांना वाचकांची पत्रे येत आणि लेखक त्यांना उत्तरे लिहीत. आता ते नाते उरले आहे का? वाचकाच्या म्हणण्याचा आपल्या लेखनावर खरोखर परिणाम होतो का?
(निवृत्त शिक्षक, कणकवली)

उत्तर : मराठी कादंबरीची वाढच वाचकाच्या उंबरठ्यावर झाली, असे मी मानते. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून क्रमशः प्रसिद्ध झाली. यमूचे हाल वाचणाऱ्या कितीतरी घरांत तेव्हा तशीच एखादी बालविधवा माजघरात वावरत होती. पुस्तक हाती येण्याआधी आठवड्या-आठवड्याने घराघरांत ते वाचले गेले, ऐकले गेले, त्यावर बोलणे झाले. पुढे दिवाळी अंकांनीही हे काम केले. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे आपल्याकडे फराळाच्या ताटाशेजारी कथा-कादंबऱ्या वाचल्या जात आहेत. इतक्या जुन्या सवयीतून तयार झालेला वाचक सहजासहजी गप्प बसणारा नव्हे.

आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला मी एका पोस्टकार्डाने उत्तर देते. पहिल्या आवृत्तीत असा प्रसंग होता : घरात पैसे नाहीत, दुकानातला एक भोपळा चिरफळलेला निघतो आणि नवी सून त्याच भोपळ्याची भाजी करून सगळ्यांना वाढते. जो भोपळा वाजायचा तो पोटात गेला, अशी ती कल्पना होती. ती मला स्वतःला फार आवडली होती आणि एका परीक्षणातही तिचा गौरवाने उल्लेख झाला. चार महिन्यांनी पंढरपूरजवळच्या भीमाकाठच्या एका शेतकऱ्याचे पोस्टकार्ड आले. आमच्या वाद्यांना लागणारे भोपळे त्याच भागातून येतात. अक्षर मोठे आणि ठसठशीत होते. मजकूर असा होता : “तुमची कादंबरी तालुक्याच्या वाचनालयातून आणून वाचली. चांगली आहे. पण वाद्याचा भोपळा कडू जातीचा असतो. शिवाय मिरजेला तो वाळून जातो, वाळलेल्या भोपळ्यात गर उरत नाही. तुमच्या सूनबाईंनी ती भाजी केली कशी आणि घरच्यांनी खाल्ली कशी? आम्ही फळाखाली गवत घालून, त्याला एका अंगाने सपाट होऊ न देता, महिनेच्या महिने सांभाळतो. ते खाण्यासाठी नसतं.”

ते कार्ड हातात घेऊन मी किती वेळ उभी होते ते आठवत नाही. दोन वर्षे मी गल्लीत बसले होते, भोपळे भिजवताना आणि कापताना शेकडो वेळा पाहिले होते, आणि तो भोपळा शेतात असताना कसा असतो हे विचारायचे मला एकदाही सुचले नव्हते. ज्या प्रसंगाला मी कादंबरीचे हृदय समजत होते, तोच असंभव होता. वाचकाची माफी मागून मी उलट टपाली उत्तर लिहिले आणि पुढच्याच रविवारी त्यांच्या शेतावर गेले. वेल जमिनीवर पसरलेले होते आणि प्रत्येक फळाखाली खरोखरच गवताची चुंबळ होती. त्यांनी एका कोवळ्या फळाची फाक कापून दिली. मी ती जिभेवर ठेवली आणि लगेच थुंकली. तो कडवटपणा दोन पेले पाणी पिऊनही गेला नाही.

दुसऱ्या आवृत्तीत ती नवी सून कोकणातून आलेली आहे. नवऱ्याबरोबर भोपळे निवडायला ती भीमाकाठी जाते, वेलीवरचे एक कोवळे फळ कोणाच्या नकळत पिशवीत घालते आणि घरी येऊन मोठ्या हौसेने त्याची भाजी करते. पहिल्या घासालाच सगळ्यांचे हात थांबतात. सासू काही बोलत नाही. ती ताटे उचलते, भाजी बाहेर टाकून येते आणि सुनेच्या पुढ्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी ठेवते. पहिल्या आवृत्तीतल्या प्रसंगात फक्त गरिबी होती. आता त्यात परक्या घरात आलेल्या मुलीचे एकटेपण आहे, आणि त्या सासूचा स्वभावही मला त्या ताटे उचलण्यातूनच पहिल्यांदा नीट समजला. पुढची साठ पाने त्यामुळे बदलावी लागली.

पत्रे अजून येतात, गुरुजी. पोस्टकार्डे कमी झाली आणि दूरध्वनीवरचे संदेश वाढले, पण हाताने लिहिलेल्या प्रत्येक पत्राला मी हातानेच उत्तर देते. गावोगावच्या वाचनालयांत बोलावतात तिथेही जाते. गेल्या हिवाळ्यात एका तालुक्याच्या गावी चौदा श्रोते होते. कार्यक्रम संपल्यावर खिडक्या लावायला आलेल्या शिपाईदादांनी विचारले, “ते दुकान तासभर आधी उघडलं, तेव्हा समोरच्या दुकानवाल्यानं काय विचारलं नाही का?” त्या प्रश्नाचे उत्तर मी तिसऱ्या आवृत्तीत लिहिणार आहे.

प्रश्न ६ : आमची मुले मराठी बोलतात, पण देवनागरी वाचू शकत नाहीत. त्यांच्यापर्यंत मराठी कादंबरी कशी पोहोचवावी?
(संगणक अभियंता, न्यू जर्सी)

उत्तर : आपण वाचून दाखवा. ध्वनिपुस्तके आता मिळतात आणि ती चांगली असतात, पण ओळखीच्या आवाजात ऐकलेली भाषा मुलांच्या अंगात वेगळी मुरते. झोपण्याआधी दहा मिनिटे, रोज, आपल्याला स्वतःला जे वाचावेसे वाटते तेच वाचा. मुलांसाठी म्हणून सोपे केलेले शोधत बसू नका. अडलेला शब्द त्यांनी विचारला की पुस्तक थोडे बाजूला ठेवून त्या शब्दाची घरातली आठवण सांगा. माझी पुतणी मस्कतला वाढली. ‘चुंबळ’ हा शब्द तिला तिच्या आजीच्या डोक्यावरच्या घागरीमुळे कळला आणि मग ती तो विसरली नाही.

प्रश्न ७ : माझी पहिली कादंबरी लिहून तयार आहे. लेखनावर उपजीविका होऊ शकते का? प्रकाशकाशी बोलताना काय काळजी घ्यावी?
(पदवीधर तरुण, जळगाव)

उत्तर : माझा अनुभव आकड्यांत देते. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची, किंमत साडेतीनशे रुपये, मानधन विक्रीच्या दहा टक्के. त्या हजार प्रती संपायला तीन वर्षे लागली, म्हणजे सात वर्षांच्या कामाचे पस्तीस हजार रुपये, तेही हप्त्याहप्त्याने. उपजीविकेचे दुसरे साधन हाती ठेवा. प्रकाशकाशी करार लेखीच करा आणि त्यात प्रतींची संख्या, मानधनाची टक्केवारी, हिशेब देण्याची तारीख, तसेच भाषांतर, ध्वनिपुस्तक आणि चित्रपटाचे हक्क कोणाकडे राहतील, हे स्पष्ट असू द्या. सुरुवातीच्या काळात एका प्रकाशकाच्या तोंडी शब्दावर विसंबून मी एका कथासंग्रहाचा हिशेब कायमचा गमावला. करार मागितल्याने कोणी चांगला प्रकाशक नाराज होत नाही. आपले हस्तलिखित छापायला देण्याआधी त्यातल्या माणसांचे काम ज्याला येते अशा कोणाला तरी वाचायला द्या, हेही मनापासून सांगते.

प्रश्न ८ : आम्ही शाळेच्या ग्रंथालयातून आपली कादंबरी वाचली. आता आपण कशावर लिहीत आहात?
(इयत्ता दहावीतील विद्यार्थिनी, मंगळवेढा)

उत्तर : बाळ, तुझ्या गावाजवळच मी सध्या वारंवार येते आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले आणि ते योग्यच झाले. पेढा हातात घेतल्यावर मला भीमाकाठचे ते पोस्टकार्ड आठवले. वाद्यावर कारागिराचे नाव असते, वाजवणाऱ्याचे नाव सगळ्यांना ठाऊक असते, पण भोपळ्याखाली गवत घालणाऱ्याचे नाव कोठेच नसते. पुढची कादंबरी त्याच्या घरातली आहे. दोन पावसाळे मी त्या शेतावर जाते आहे आणि अजून पहिले प्रकरण लिहिलेले नाही.

तुझ्याकडे आणि या सदराच्या त्या भागातील सगळ्या वाचकांकडे माझे एक मागणे आहे. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरजेपर्यंत आला. त्याआधी आणि त्यानंतर वाद्यांचे भोपळे मिरजेला कशाने येत, बैलगाडीने की त्या छोट्या गाडीच्या डब्यातून, ते फुटू नयेत म्हणून मध्ये काय भरत, आणि सोबत कोण येत असे, हे ज्यांच्या घरातील वडीलधाऱ्यांनी पाहिले किंवा ऐकले असेल, त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर चार ओळी लिहून कळवावे. तू तुझ्या आजी-आजोबांना आधी विचार.